एकटीचं कुटुंब

आंबेखिंड गिरिउद्यानाच्या नियंत्रण कक्षात नियंत्रण करण्यासारखं काहीच नव्हतं. एक टेबल, चहाची किटली, दुरुस्तीला आलेल्या मनगटी पट्ट्यांची टोपली आणि भोंग्यांचा माईक, एवढाच काय तो थाट. "इथून कुणावरही नजर ठेवता येत नाही," असं डॉ. हेमांगी कारखानीस पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायची. आज सकाळी साडेदहाला तिला त्याच वाक्याचा मनस्वी संताप आला. तिची सात वर्षांची लेक शाल्मली तासभर सापडत नव्हती, आणि ती कुठे आहे हे सांगणारा एकही नकाशा त्या खोलीत नव्हता.

शाल्मलीचे बाबा जहाजावर, आई कामावर. म्हणून पोरगी मावशीच्या कुटुंबाबरोबर आणि आजोबांबरोबर डोंगर चढायला आली होती.

"चाळीस माणसं शोधतायत," निरंजन म्हणाला. हा तंत्रज्ञ आठवड्यापूर्वीच रुजू झाला होता. "वाऱ्यामुळे ड्रोन उडवता येत नाही, हे मान्य. पण मॅडम, एवढ्याशा डोंगरात चाळीस जणांना एक पोर दिसू नये? आपल्याकडून काहीतरी सुटतंय. पट्टा काय करतो ते मला पहिल्यापासून सांगा."

हेमांगी येरझाऱ्या घालत बोलू लागली. "प्रत्येक एकांतपट्टा दर सेकंदाला एक क्षीण स्पंद सोडतो आणि इतरांचे स्पंद ऐकतो. परका स्पंद जवळ आला, की मनगटाला त्याच्या उलट बाजूने गुदगुल्या होतात. माणूस तिकडे वळतो. आत्ता वर तीनशे कुटुंबं आहेत, आणि प्रत्येकाला वाटतंय, डोंगर आपल्या एकट्याचाच आहे. पुण्याच्या गर्दीतून लोक इथे येतात ते त्यासाठीच."

"घरच्यांचे स्पंद?"

"फाटकावर सगळ्यांनी मनगटाला मनगट लावून गाठ मारायची. गाठीतली माणसं एकमेकांना परकी नसतात."

"आणि कडे? कडा जवळ आला तर पट्टा सांगतो?"

"पट्ट्याला फक्त माणसं कळतात. कड्यांना दोर बांधलेत."

एवढ्यात दारात आप्पा आले. हेमांगीचे वडील. चालताना गुडघा धरत होते. "हेमा, लागला का गं पत्ता?"

तिचं लक्ष त्यांच्या उघड्या मनगटाकडे गेलं. "आप्पा, तुमचा पट्टा?"

"गुडघा कुरकुरायला लागला, म्हणून मी निम्म्यातून परतलो. फाटकावर जमा केला पट्टा."

"तुमची गाठ कुणाशी होती?"

"आम्ही नऊ जण झालो. फाटकावरचा म्हणाला, गाठीत आठच बसतात. मग मी आणि शालू, आम्हा दोघांची वेगळी गाठ मारली. परतताना मी तिला म्हटलं, मावशी पुढच्या वळणावर असेल, पळ." ते दाराच्या चौकटीला टेकले. "काय चुकलं गं माझं?"

आप्पांचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं हेमांगीचं. पट्टा तिनेच घडवला होता. गाठीतला एक जण निघून गेला तर उरलेल्याचं काय, हा प्रश्न तीन वर्षांत तिच्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

"निरंजन, ती आता एकटीचं कुटुंब आहे. मावशीसुद्धा तिला परकी आहे."

निरंजनचा चेहरा उतरला. "म्हणजे ते चाळीस शोधणारे..."

"चाळीस परके स्पंद. त्यांचे पट्टे त्यांना तिच्यापासून वळवतायत, आणि तिचा पट्टा तिला त्यांच्यापासून. ढकलण्याची बेरीज होते. जितके जास्त शोधू, तितकी ती लांब जाणार."

"पण एवढीशी पोर पट्ट्याचं ऐकते तरी कशाला?"

"मी शिकवलंय तिला. गुदगुल्या म्हणजे आईने धरलेला हात, असं मीच सांगितलंय."

शोधणारी माणसं फाटकाकडून वर चढत होती. त्यांच्या समोर, डोंगराच्या पार टोकाला, माणूस नसलेली एकच जागा होती. माकडसोंड. डोंगरातून पुढे निघालेली अरुंद धार, दोन्ही बाजूंना दरी, वर सुटा मुरूम. तिथे जायला बंदी होती आणि वाटेवर दोर आडवा बांधलेला होता. सात वर्षांचं मूल त्याच्याखालून वाकल्याशिवायच जाईल.

तिने माईक ओढला. "डोंगरावरच्या प्रत्येकाने आपला पट्टा काढावा आणि आहे तिथेच बसावं. शोधणाऱ्यांनीसुद्धा. कृपा करून कुणीही शोधू नका." हे शेवटचं वाक्य स्वतःच्या तोंडून बाहेर काढताना तिची जीभ अडखळली.

पट्ट्याची कडी उघडली की स्पंद थांबतो. लहान मुलांच्या पट्ट्याची कडी मात्र मोठ्या माणसाच्या बोटांनाच उघडते. म्हणजे आता डोंगरावर एकच पट्टा बोलत राहणार होता.

निरंजनने टोपलीतल्या एका पट्ट्याचं झाकण उघडून त्याच्या स्पंदाच्या टोकावर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि तो तिच्या मनगटाला बांधला. "हा मुका झाला. ऐकेल, पण बोलणार नाही. तो सांगेल त्याच्या उलट चाला. मी पट्ट्याशिवाय वरच्या वाटेने सोंडेच्या तोंडाशी जातो."

दोघांनी एकेक वॉकीटॉकी घेतला आणि हेमांगी धावत सुटली. प्रत्येक वळणावर माणसंच माणसं दिसत होती. झुडपापलीकडे, खडकामागे, हाकेच्या अंतरावर. आपण एकटेच आहोत असं समजून आलेली कुटुंबं पट्टे हातात घेऊन एकमेकांकडे बावरून बघत होती. तिने कुणाकडे मान वळवली नाही. शेवटच्या वळणानंतर मनगटाच्या डाव्या बाजूला बारीक गुदगुल्या झाल्या आणि ती उजवीकडच्या घळीत उतरली. गुदगुल्या वाढत गेल्या. हातापायांनी घळ चढून ती वर आली, ती सोंडेच्या टोकापलीकडच्या खडकावर.

समोर वीस पावलांवर शाल्मली बसली होती. गुडघे पोटाशी, पाठ दरीकडे. आई जिवंत मुलीकडे बघत होती, तरी तिचा श्वास परत येईना. दोघींच्या मध्ये मुरमाची उतरण होती, थेट दरीत जाणारी.

वॉकीटॉकीत निरंजन कुजबुजला, "मी तोंडाशी आहे. मध्ये चाळीस पावलं अरुंद वाट आहे. तिच्या वजनाला टिकली, माझ्या पायाखाली ढासळतेय. अनोळखी माणूस बघून ती मागे सरकली, म्हणून मी लपलोय. तुम्ही हाक मारा."

हेमांगीने तोंड उघडलं आणि स्वतःच्याच हाताने दाबून धरलं. हाक मारली तर शाल्मली उठेल आणि सरळ आईकडे पळत येईल. त्या उतरणीवरून.

तिने काय करायला हवं ते तिला कळलं, आणि कळलं तेव्हा रडूच आलं. ती खडकाआड आडवी झाली आणि नखाने चिकटपट्टीचा तुकडा खरवडून काढला.

पट्टा बोलू लागला. पलीकडे शाल्मलीने दचकून मनगटाकडे पाहिलं. उठली. दरीकडे पाठ करून अरुंद वाटेने निरंजनच्या दिशेने चालू लागली. आज्ञाधारक लेकरू! पाच पावलं, दहा पावलं. मग थांबली.

"स्पंद कमी पडतोय," निरंजन पुटपुटला. "जवळ या. ढकला तिला."

हेमांगी पोटावर सरपटत पुढे गेली, खडकाच्या पार कडेपर्यंत. शाल्मलीने वळून थेट तिच्या दिशेने पाहिलं. हेमांगीने डोकं मातीत खुपसलं. एक श्वास. दोन. गाल खडीने सोलला. सगळं अंग पुढे झेपावायला बघत होतं, आणि ती त्याला जमिनीत दाबत होती. जा बाळा. माझ्यापासून लांब जा.

पावलं पुन्हा वाजू लागली. मुरूम घरंगळला, थांबला, पुन्हा घरंगळला.

"धरली!" निरंजन ओरडला. "मॅडम, घट्ट धरलीय. दोराच्या आत आहोत."

मग वॉकीटॉकीत लेकीचं मुसमुसणं आलं. "काका, सगळेच माझ्यापासून लांब जात होते. आई मला शोधायला का नाही आली?"

हेमांगीने पट्ट्याची कडी उघडली, पट्टा दरीत भिरकावला, आणि त्या सकाळची पहिली हाक मारली.