मधली ओळ

एकलहऱ्यात, वीजकेंद्राच्या धुराड्यांखाली, सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळपर्यंत करडी पूड बसते. कुणी तिला राख म्हणतं, कुणी धूळ. निवृत्ती गुरुजी तिला काहीच म्हणत नसत. रोज दुपारी अभ्यासिकेचं कुलूप काढायचं, ओलं फडकं फिरवायचं आणि मग मुलांना आत घ्यायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. जिल्हा परिषदेची शाळा सुटून सहा वर्षं झाली होती. "नावातच निवृत्ती, पण घेतली कुठं," असं कॉलनीतले लोक चेष्टेनं म्हणत.

डिसेंबरात अभ्यासिकेत एक कॉम्प्युटर आला. नाशिकरोडला मैना पगारे यांचा टायपिंगचा क्लास होता. त्या वारल्या, क्लास बंद झाला आणि त्यांचे भाऊ नवनाथ रिक्षात घालून तो आणून ठेवून गेले.

"चालू हे बरं का गुरुजी. फक्त त्यात विंडोज नाय, लिनक्स का काय ते हे. ताईलाच कळायचं."

गुरुजींना त्याची निकड होती ती अंजलीसाठी. अंजली आठवीत. दीड वर्षात तिची नजर मावळत गेली होती. आता उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच तिला कळे. तिच्या शाळेचे मुख्याध्यापक माणूस चांगला, पण त्यांनी हात टेकले होते. शनिवारी अभ्यासिकेत येतो, म्हणाले. कुणी वाचून न दाखवता पोरीनं एक धडा वाचला, उत्तरं सांगितली, तर तिला इथंच ठेवून घेऊ. नाहीतर अंधांच्या निवासी शाळेचा फॉर्म भरलेलाच होता. तिच्या आईनं, स्नेहानं, लोखंडी पेटीसुद्धा भरून ठेवली होती.

पडद्यावरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, हे गुरुजींनी कुठंतरी वाचलं होतं. शेजारची वेदिका बारावीला होती. मंगळवारी ती बाह्या सरसावून बसली.

"दोन मिनिटांचं काम आहे, गुरुजी."

तिनं फाइल उतरवली, दोनदा क्लिक केलं. काहीच उघडलं नाही. पुन्हा केलं. मग तिनं सी ड्राइव्ह शोधला. तो नव्हताच.

"हे कसलं घर? दारच नाही याला."

"दार असेल," गुरुजी म्हणाले. "आपण भिंत वाजवतोय."

बुधवारी कळलं की ती फाइलच विंडोजची होती. इथं काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागते. मोबाइलवर बघून वेदिकानं एकेक अक्षर उतरवलं, गुरुजींनी दोनदा तपासलं, मधली मोकळी जागासुद्धा. एंटर दाबल्यावर कॉम्प्युटरनं मैनाचा पासवर्ड विचारला. वेदिकानं अंदाजानं काहीतरी टाइप केलं, आणि थांबली. पडद्यावर अक्षर उमटत नव्हतं. ठिपकासुद्धा नाही.

"की-बोर्ड मेला."

मेला नव्हता. मोबाइलवर शोधल्यावर समजलं, इथं पासवर्ड टाकताना काहीच दिसत नाही. न बघता टाकायचा.

मागच्या बाकावरून अंजली हसली. "म्हणजे तुम्ही पण माझ्यासारखेच."

नाव झालं, जन्मसाल झालं, भावाचं नाव झालं. गुरुजींनी नवनाथांना फोन लावला.

"पासवर्ड? तो ताईनं कुणाला सांगितला नाय, गुरुजी. म्हणायची, माझा पहिला धडा ज्याला आला त्याला तो आलाच."

धडा कुठला, ते नवनाथांनाही माहीत नव्हतं. ते कधी क्लासला बसले नव्हते.

गुरुवारी दार उघडल्यावर गुरुजींना एक गोष्ट दिसली. की-बोर्डावर नेहमीची करडी पूड होती. वरच्या ओळीवर होती, खालच्या ओळीवर होती. मधली ओळ मात्र लख्ख. फक्त त्या ओळीतलं डावीकडचं पहिलं अक्षर, ए, धुळीत होतं. बाकीच्या बटणांवरून जणू कुणी बोटं फिरवून गेलं होतं. काल जाताना मुलांनी हात लावला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. किल्ली एकच होती आणि ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. त्यांनी सगळी बटणं नीट पुसली, संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर निघाले, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

शुक्रवारी पुन्हा तसंच. वरची ओळ करडी, खालची करडी, मधली स्वच्छ. ए तेवढा धुळीत.

त्या दिवशी दुरुस्तीवाल्याचा निरोप आला. सोमवारी येतो, सगळं पुसून नवीन टाकतो. सोमवारचा उपयोग नव्हता. चार वाजता स्नेहा अंजलीला न्यायला आली आणि चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"गुरुजी, लय केलं तुम्ही. आता तिला आशेला नका लावू. जायचंच हे तर हसत जाऊ द्या."

शिकवण्याच्या चौतीस वर्षांत गुरुजींनी एकाही पोराला 'तुला येणार नाही' असं म्हटलं नव्हतं. आज ते शब्द कॉम्प्युटर म्हणत होता, आणि त्यांना मधे पडता येत नव्हतं.

"मी बसू एकदा?" अंजलीनं विचारलं.

"तुला टायपिंग कुठं येतं?" वेदिका म्हणाली.

"दिसत तर कुणालाच नाही ना."

वेदिकानं आज्ञा टाइप केली, पासवर्डाच्या ओळीपर्यंत आणून ठेवलं आणि खुर्ची सोडली. अंजलीनं बटणं चाचपली. दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात, ते तिला सापडले. तिथं तिची बोटं थांबली.

बाहेर चिमण्यांचा चिवचिवाट होता. लांबून मालगाडी जात होती.

अंजलीनं मान किंचित मागं वळवली. कुणी खांद्यावरून वाकून बोलत असावं, तशी.

मग तिची मनगटं सैल पडली.

शेकडो मुलांचे हात मागून धरून गुरुजींनी अक्षरं गिरवून घेतली होती. हात धरला की पोराचं मनगट कसं सैल पडतं, बोटं कशी आपला भार दुसऱ्याच्या हातावर टाकतात, हे त्यांना डोळे मिटूनही ओळखता आलं असतं.

अंजलीच्या मागं कुणी नव्हतं.

डावी करंगळी एकदा, जरा चाचरत, दाबली गेली. मग पाच ठोके, सलग. मग उजव्या हाताचे सहा. हलके, सारख्या अंतराचे, सराईत.

"एंटर," अंजली म्हणाली.

वेदिकानं तो दाबला.

काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी भराभर वर सरकू लागल्या. दहा-बारा मिनिटांनी, मोबाइलवर बघत वेदिकानं आणखी दोन बटणं दाबली, तेव्हा स्पीकरमधून एक खरखरीत, यंत्राचा आवाज म्हणाला, "मैना. मुख्य फोल्डर."

अंजलीनं बाणाचं बटण दाबलं. आवाज पुढची ओळ बोलला. तिनं पुन्हा दाबलं. स्नेहा उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली. अंधार पडेपर्यंत अंजलीनं तिला उठू दिलं नाही.

घरी निघताना गुरुजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला कसं गं आलं?"

"बाईंनी हात धरला ना. गार होते त्यांचे हात. पण डावी करंगळी मोकळीच होती. 'तेवढं तू दाब,' म्हणाल्या."

शनिवारी मुख्याध्यापक आले. अंजलीनं विज्ञानाचा धडा वाचला. एक ओळ कळली नाही, ती मागं जाऊन पुन्हा वाचली, आणि ते मागं जाणं बघूनच सरांनी चष्मा काढून पुसला. पाचपैकी चार उत्तरं बरोबर आली. पाचव्यावर ती त्यांच्याशी वाद घालत बसली. रविवारी स्नेहानं पेटी रिकामी करून तिच्यात पुन्हा गोधड्या भरल्या.

सोमवारी सकाळी बातमी ऐकून नवनाथ पेढे घेऊन गुरुजींच्या घरी आले. गुरुजींनी पेढा हातातच ठेवला.

"नवनाथ, मैनाबाईंच्या डाव्या हाताला काही झालं होतं का?"

"करंगळी नव्हती तिला. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेली. तरी क्लास काढला, बघा. पोरींचे हात धरून मधल्या ओळीचा पहिला धडा घ्यायची. पहिलं अक्षर, ए, आलं की मात्र पोरीलाच म्हणायची..."

"तेवढं तू दाब," गुरुजी म्हणाले.

नवनाथ त्यांच्याकडे बघत राहिले. "तुम्ही कधी आला होतात क्लासला?"

दुपारी गुरुजी अंजलीचा डावा हात धरून अभ्यासिकेकडे निघाले. थंडी चांगली होती, ऊनही चांगलं होतं. अंजली नववीच्या पुस्तकांविषयी बोलत होती. दाराशी आल्यावर तिनं कान दाराकडे केला.

कुलूप जागच्या जागी होतं. गुरुजींनी खिसा चाचपला. किल्ली होती.

आत बटणं वाजत होती. पाच ठोके, मग सहा. मग थोडी रिकामी जागा. पुन्हा पाच, मग सहा.

गुरुजी तसेच उभे राहिले. पळून जावंसं त्यांना वाटलं नाही, याचं पुढं कितीतरी दिवस त्यांना नवल वाटत राहिलं.

"थांबल्यात माझ्यासाठी," अंजली हळूच म्हणाली.

आतला आवाज सहाव्या ठोक्यावर थांबला. त्या रिकाम्या जागेत अंजलीची डावी करंगळी गुरुजींच्या तळहातावर अलगद दाबली गेली.

आत लगेच पाच ठोके वाजले.