हेर लोनरची ओंजळ

सप्टेंबर लागला की हॉप्स निवडायला श्पाल्टच्या शेतावर जायचं, हा जर्मनीतल्या हेर लोनरच्या, म्हणजे लोनरसाहेबांच्या, छोट्या ब्रुअरीचा रिवाज. बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी ती हिरवी, खवल्याखवल्यांची फुलं तळहातांवर चुरडायची, ओंजळीत नाक खुपसायचं आणि शेतकऱ्याला सांगायचं, हा माल आमचा. प्रयोगशाळेचे आकडे म्हातारा बघायचासुद्धा नाही.

मे महिन्यात म्हातारा गेला. यंदाची निवड त्याच्या शिष्येच्या, ऊर्मिलाच्या गळ्यात पडली.

आता खरी गोम अशी, की दोन वर्षांपूर्वीच्या तापात ऊर्मिलाचं नाक गेलं होतं. फोडणी करपली तरी बाईंना पत्ता नसायचा. मग मागचे दोन सप्टेंबर निभावले कसे? लोनर स्वतः चुरडलेली ओंजळ तिच्या नाकाशी धरायचा, "आल्झो?" म्हणजे बोल मग, असं विचारायचा, आणि ही पठ्ठी त्याच्या डाव्या भुवईकडे बघायची. भुवई चढली की हिचं "हाच!"

"अगं, सांगून टाक ना आता," गाडी चालवता चालवता तिचा नवरा श्रीरंग म्हणाला.

"आणि घरी बसू? नाक नसलेली ब्रुअर कोण ठेवेल? झाकली मूठ सव्वा लाखाची."

नोकरीची भीती होतीच. पण त्याहून खुपत होतं ते हे, की ज्यानं लेकीसारखं शिकवलं, त्याला तिनं शेवटपर्यंत फसवलं होतं.

श्रीरंग गाडीतच थांबला. कोठारात टेबलावर निळ्या कागदांवर तीन नमुने मांडलेले. शेतकरी हेर आयश्नर पार दाराशी पोती शिवत होता. खिडकीबाहेर तोडणी झालेल्या शेतात नुसते खांब आणि तारा.

पहिला नमुना तिनं चुरडला. काहीच नाही. दुसरा चुरडला. बोटं पिवळी, चिकट झाली, एवढंच. कोपऱ्यातल्या नळावर तिनं साबणानं हात खसाखसा धुतले आणि ओल्या हातांनी टेबलाशी परत आली. तिसऱ्याला हात लावायचा धीरच होईना. एक चुकीचा शब्द आणि लोनरची वर्षभराची बिअर वाया.

तिनं डोळे मिटले. "मला वास येत नाही, हेर लोनर," ती मराठीतच पुटपुटली. "तुम्हाला सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

आधी लोनरच्या पाइपची तंबाखू आली.

मग संत्र्याची साल. ओलं गवत. दोन वर्षांनी! तिला रडूच फुटलं.

हनुवटीला काहीतरी खरखरीत, उबदार टेकलं.

"आल्झो?"

"हाच," ती म्हणाली.

तिनं डोळे उघडले. आयश्नर अजून दाराशीच होता.

"तिसरा," ती मोठ्यानं म्हणाली.

आयश्नर सावकाश जवळ आला. "मीही तोच देणार होतो तुम्हाला," तो हळूच म्हणाला. "लोनर मला म्हणाला होता, पोरीला वास येत नाही. मी भुवई चढवतो, ती हो म्हणते. तिला कळू देऊ नकोस."

मग त्यानं रुमाल पुढे केला. "ओठावर लागलंय."

तिनं ओठ पुसला. रुमाल पिवळा झाला. तिचे हात मात्र अजून ओले होते, स्वच्छ. आणि तिसऱ्या निळ्या कागदावर मूठभर हॉप्स चुरडून पडले होते.