‘येतो’ म्हणून गेला

ही गोष्ट तुम्ही खरी मानणार नाही.

पैज लावून सांगतो, नाही मानणार. तुमच्याआधी ज्यांनी ऐकली त्यांतल्या एकानेही मानली नाही. फक्त घरी जाताना प्रत्येकाने मागे वळून पाहिलं, एवढंच.

पण घटना खरी आहे. वार गुरुवार. वेळ दिवेलागणीची. भुतांनी कामाला लागावं अशी ती वेळ नव्हे, पण ज्याची त्याची घाई. आणि जागा म्हणजे ‘छत्री’.

पाटीवर त्या पबचं नाव वेगळंच आहे, पण ते मालकाशिवाय कुणी घेत नाही. मालकाच्या वडिलांचं तिथे छत्र्यांचं दुकान होतं. वडील गेले, दुकान बसलं. मालकाने पब काढला आणि न खपलेल्या सगळ्या छत्र्या छताला टांगून दिल्या. मिटलेल्या, मूठ वर आणि टोक खाली. वटवाघळांसारख्या. नवा माणूस आत शिरला की आधी मान खाली घालतो आणि मग नमस्कार केल्यासारखा दिसतो. मालकाला ते आवडतं.

दर गुरुवारी तिथे गाणी असत, आणि ती चालवायची भाची. कुणाची भाची, तर गोष्टीतल्या मामाची. हा मामा पुढे येईलच. हुशार माणूस. तरुणपणी देखणाही होता म्हणतात.

भाचीने या गुरुवारांपायी बरी नोकरी सोडली होती. दुपारपासून तिचं काम चाले. केबली अंथरायच्या, पायात येऊ नयेत म्हणून चिकटपट्टी मारायची, मिक्सर जोडायचा. मिक्सर म्हणजे वाटणाचा नव्हे, आवाजाचा. कुणीही यावं, नाव सांगावं, गावं. नियम एकच. प्रत्येकाला दोन गाणी. वेळ संपली की खांबावरचा लाल दिवा लागायचा. तरी कुणी उठला नाही, तर भाची टाळ्या सुरू करायची, मग अख्खा पब टाळ्या पिटायचा. गाणं त्यात बुडायचं आणि गाणारा हसत उठायचा. याला तिथे ‘टाळीनं उठवणं’ म्हणत.

कुणाला त्याचा राग येत नसे.

एक सोडून.

भाताबुवा. म्हातारा ॲकॉर्डियन वाजवायचा. त्या पेटीचा भाता उघडताना सुराच्या आधी एक श्वास ऐकू यायचा, दमेकऱ्यासारखा. त्यावरून हे नाव. वाजवायचा मात्र असा की ग्लास अर्ध्यात थांबावा. पण तोंड म्हणजे गटार. जुळे इलेक्ट्रिशियन गिटार घेऊन बसले की म्हणायचा, फ्यूज उडालाय, कुणीतरी बघा रे. कुणी नवखी मुलगी गायला उठली की कानात बोटं घालून बसायचा. आणि स्वतः एकदा सुरू झाला की थांबत नसे. त्याच्या सुरावटीला शेवटच नव्हता. ती फिरून फिरून तिथेच यायची.

त्या गुरुवारी बाहेर पाऊस होता. भाताबुवाच्या मागे एका नर्सचा नंबर होता. बाईंची ड्यूटी सुरू व्हायची होती. अंगावर गणवेश, पायाशी पिशवी, आणि कितीतरी गुरुवारांनंतर आज कुठे धीर झालेला. लाल दिवा लागला.

म्हातारा वाजवत राहिला.

नर्सने घड्याळ पाहिलं. भाचीने खूण केली. म्हाताऱ्याने दिव्याकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, “दिवा तुझा, सूर माझा. कर काय करायचं ते.”

भाचीने टाळी वाजवली.

मग सगळ्यांनी. सगळ्यांचेच जुने हिशोब होते, ते हातांत उतरले. एरवीच्या टाळ्या हसऱ्या असायच्या. या नव्हत्या. जुळ्यांनी तर टेबलं बडवली. कुणीतरी शीळ घातली. म्हाताऱ्याने सुरावटीच्या मध्येच भाता मिटला. त्याचे ओठ हलत होते, पण टाळ्यांत काही ऐकू आलं नाही. तो गप्प बसला तरी टाळ्या थांबल्या नाहीत. पेटी खोक्यात भरून तो दारापर्यंत पोचेस्तोवर त्या चालूच राहिल्या.

दारात तो वळला. आता शिव्यांची लाखोली येणार म्हणून सगळे सरसावून बसले.

तो एवढंच म्हणाला, “येतो.”

आता बघा. आपल्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. वैऱ्याच्या घरूनही माणूस ‘येतो’ म्हणूनच उठतो. आणि ‘येतो’ म्हणणाऱ्याला समोरचा ‘या’ म्हणतो. मनात काहीही असो, ‘या’ म्हणतो.

भाची म्हणाली, “नाही आलात तरी चालेल.”

पब हसला. म्हातारा पावसात गेला. डोक्यावर छतभर छत्र्या लटकत होत्या, आणि एकालाही त्यातली एक काढून द्यावीशी वाटली नाही.

सकाळी तो बसथांब्याच्या बाकावर सापडला. भिजून चिंब, मांडीवर पेटी. डॉक्टर म्हणाले हृदय. बोटं पट्ट्यांवर होती, ती सोडवताना पेटीने एक श्वास घेतला म्हणे.

पुढच्या गुरुवारी आभाळ कोरडं होतं.

जुळे बसले. पहिलं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं नीट गेलं. आणि मग दाराकडून...

टप्.

एक टाळी. गाण्याच्या अधल्यामधल्या जागी, तालाला सोडून.

भाचीने मान वळवून पाहिलं. दारापाशी कुणी नव्हतं.

टप्... टप्...

आता खिडकीकडून. मग खांबामागून. हळू, सावकाश, जशी एखाद्याची खिल्ली उडवायला वाजवतात तशी. धाकटा जुळा चिडला. ज्याला माज आलाय त्याने समोर यावं, असं त्याने माईकमधूनच सांगितलं. कुणी उठलं नाही. उलट प्रत्येकाने आपले हात टेबलावर ठेवले, पंजे उघडे करून. मालकाने काउंटरमागून दोन्ही हातांतले ग्लास वर करून दाखवले.

सगळे हात डोळ्यांसमोर होते.

टप्... टप्... टप्...

जुळे थांबले, तशी टाळी थांबली. पुन्हा सुरू झाले, तशी पुन्हा सुरू झाली. शेवटी थोरला उठला आणि गिटार पिशवीत कोंबली. तेवढ्यात त्याच्या मानेवर काहीतरी गार पडलं.

पाणी.

वर टांगलेल्या छत्र्यांपैकी एक... फक्त एक... टोकावरून ठिबकत होती.

त्याच्या पुढल्या गुरुवारी निम्मी टेबलं रिकामी. नर्स मात्र आली. तिचं गाणं त्या दिवशीही राहून गेलं होतं ना. ती वाद्यांशिवाय गायली, डोळे मिटून. टाळ्या आल्याच. या वेळी एकाच्या नव्हत्या. पबभर होत्या. रिकाम्या खुर्च्यांतून, काउंटरखालून, तिच्या अगदी कानाशी. त्यात टेबलं बडवल्याचा आवाज होता. शीळही होती.

भाचीला तो आवाज ओळखू आला.

तो त्यांचाच होता. त्या रात्रीचा, जसाच्या तसा.

नर्सचा आवाज फाटला. तिने माईक खाली ठेवला, पिशवी उचलली आणि मागे न बघता गेली. ‘येते’ म्हणाली नाही.

मालकाने कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट केलं. त्यात भिंतीवर लावायचा भलामोठा टीव्ही होता. तो म्हणाला, वडिलांचं दुकान बसताना मी पाहिलंय, पब बसताना बघणार नाही. आणखी एक गुरुवार देतो. नंतर इथे मॅच लागेल, आणि तुझ्या केबली तू घरी घेऊन जा.

त्या रात्री भाची मामाकडे रडली नाही, भांडली. म्हणाली, मेल्यावरही त्याला दुसऱ्याचं गाणं सहन होत नाही.

मामा म्हणाला, “तो ‘येतो’ म्हणून गेलाय. तू ‘या’ म्हटलं नाहीस, म्हणजे निरोप पुरा झालाच नाही. माझे सासरे निरोप घेताना उंबऱ्यात इतका वेळ उभे राहायचे, की आत पुन्हा चहा टाकावा लागे. हाही तसाच दारात अडकलाय. त्याचं वाजवणं पुरं होऊ दे, आणि त्याच्या तोंडून ‘जातो’ वदवून घे. बस्स.”

सांगितलं ना, हुशार माणूस.

शेवटच्या गुरुवारी भाचीने मंचावर एकच खुर्ची ठेवली. माईक भात्याच्या उंचीला खाली घेतला. लाल दिवा काढून खिशात टाकला. जुळे आले होते. नर्सलाही ती घरी जाऊन घेऊन आली होती. बाकी काहीजण निव्वळ तमाशा बघायला. भाचीने सगळ्यांना एकच ताकीद दिली. काहीही झालं तरी टाळी वाजवायची नाही. माणसं अक्षरशः आपापल्या हातांवर बसली.

“आता येताहेत,” ती माईकमध्ये म्हणाली, “भाताबुवा.”

काही नाही.

स्पीकरची बारीक घरघर.

मग खुर्ची करकरली... आणि स्पीकरमधून श्वास आला. आत. बाहेर. आत.

आणि सूर.

तीच सुरावट, जिथे तुटली होती तिथून पुढे. आधी गोड. मग ती खाली उतरत गेली, इतकी खाली की टेबलावरचे ग्लास एकमेकांना लागून किणकिणू लागले. एकेक सूर मुद्दाम चुकवलेला, दातांत खडा यावा तसा. एकजण उठून दाराकडे गेला. दाराची कडी ओली होती आणि फिरत नव्हती. भाचीने मिक्सरवरची आवाजाची पट्टी पार खाली ओढली.

आवाज तसूभर कमी झाला नाही.

किती वेळ ते चाललं, हे जो तो वेगळं सांगतो. पण सुरावट संपली. म्हाताऱ्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच संपली. भाता मिटल्याचा आवाज आला.

आणि शांतता.

कुणी हललं नाही. हात अजून मांड्यांखाली.

खुर्ची करकरली. श्वास पुन्हा सुरू झाला, पण आता त्याच्यामागे सूर नव्हता. नुसता श्वास. जड. रागाचा.

फट्.

वर एक छत्री आपोआप उघडली.

फट्... फट्...

दुसरी. तिसरी. रांगेने, मंचाकडून माणसांकडे येत. टोकं खाली, माणसांच्या डोक्यावर.

तेव्हा कुठे भाचीच्या डोक्यात प्रकाश पडला. वाजवून संपल्यावर माणूस कशाची वाट बघतो?

तिने हात सोडवले आणि टाळी वाजवली. एकटीने. मग नर्सने. मग जुळ्यांनी. मग सगळ्यांनी, आणि या वेळी उठवायला नव्हे.

छत्र्या थांबल्या.

खुर्ची मागे सरकली. ओली पावलं दाराकडे निघाली. भाचीने स्टुलावर चढून छतावरची मोठी काळी छत्री ओढून काढली आणि दारापर्यंत धावली. बाहेर पाऊस नव्हता. तरी तिने छत्री पुढे धरली.

ती कुणीतरी घेतली. बोटांना बोटं लागली. गार... सुरकुतलेली.

दार उघडलं. आणि सगळ्या पबने स्वच्छ ऐकलं, म्हातारा म्हणाला, “जातो.”

गेला तो गेलाच. त्यानंतर एकही टाळी वाकडी पडली नाही. टीव्हीचं खोकं मालकाने रद्दीवाल्याला दिलं, टीव्हीसकट असं लोक म्हणतात. आणि गुरुवार चालू राहिले ते आजतागायत. तुम्ही आज गाणी ऐकायला आलात, ते बिनधास्त ऐका. भिण्यासारखं इथे आता...

“मामा, खोटं सांगतोयस.”

टेबलाशेजारी भाची गुडघ्यांवर बसून केबलीला चिकटपट्टी मारत होती. तिने मान वर केली नाही.

“‘जातो’ म्हणाला नाही तो. दारात मी होते, तू तर टेबलाखाली होतास.”

मामा खोकला. पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी हळूच विचारलं, मग काय म्हणाला?

भाचीने छताकडे पाहिलं. एवढ्या छत्र्यांमध्ये एक खिळा रिकामा होता.

“‘छत्री आणून द्यायला येतो,’ म्हणाला.” तिने चिकटपट्टी दाताने तोडली. “आणि मी... तोंडाला सवय असते ना... ‘या’ म्हणाले.”