अड्ड्याचं दार

त्यानं मला पहिल्यांदा पाहिलं ते बंदुकीच्या नळीवरून.

'उजाड' नावाच्या ऑनलाइन खेळात. एक पडकं शहर, त्यात उरलेली माणसं टोळ्या करून राहतात आणि मोडक्या घरांतून औषधं, बॅटऱ्या, गोळ्या, डबाबंद अन्न असं मिळेल ते वेचत फिरतात. मेलात तर अंगावरचं सगळं मारणाऱ्याचं. अड्ड्यात नेऊन ठेवलेलं मात्र तुमचं, जोवर अड्ड्याचं दार कुणाला सापडत नाही तोवर.

त्या दुपारी मी पडक्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर होते. गोळ्या संपलेल्या, पिशवीत आठवडाभर शोधत असलेली औषधं. आणि दारात गिधाड टोळीतला एक जण. काळा मुखवटा, बंदूक थेट माझ्या कपाळावर.

"सामान नीचे रखो," तो म्हणाला.

नेमकी तेव्हाच आई ओरडली. खेळात नाही, आमच्या झाशीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, आतल्या खोलीतून. "मेघनाऽ, दूध उतू जातंय बघ! गॅस बंद कर गं!"

माझा माइक चालू होता.

बंदूक हलली नाही. मग तोच आवाज, पण मराठीत — "जा ना. आधी गॅस बंद करून या. मी थांबतो."

मी धावले. परत आले तेव्हा तो माझ्याकडे पाठ करून दारावर पहारा देत उभा होता.

"खालून दोघं आले होते, पळवून लावले," तो म्हणाला. "दूध वाचलं?"

"अर्धं."

"मग औषधंही अर्धी ठेवा."

"सगळी ठेवणार."

"बरं बाई, सगळी." आणि तो हसला. ते हसणं माझ्या कानात अगदी आतपर्यंत गेलं. हेडफोनमुळेच, असं मी स्वतःला सांगितलं.

"कुठल्या तुम्ही?" त्यानं विचारलं.

"झाशी."

"काहीतरीच… मी बबीन्यात आहे!"

बबीना म्हणजे लष्कराची छावणी, आमच्यापासून जेमतेम पाऊण तास. त्याचे बाबा सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे, दोन वर्षांपूर्वी बदली होऊन आलेले. त्याचं नाव आशय.

आम्ही झाशीचे तीन पिढ्यांचे. आजोबा भुसावळहून रेल्वेत आले आणि इथलेच झाले. माझे बाबा, दिवाकरराव, वॅगनच्या वर्कशॉपमध्ये आहेत. मी बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षा देत होते, आणि दुपारी आई जरा आडवी झाली की भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर 'उजाड' खेळत होते. आमच्या टोळीचं नाव बेतवा. बिजौलीच्या कारखान्यातले दामोदर भैया, मोठ गावच्या धान्यमंडीत आडतीवर काम करणारा चैतन्य, ललितपूरचे दोघे भाऊ आणि मी. यातल्या कुणाचंही तोंड मी पाहिलेलं नव्हतं. तरी ते मला मुखिया म्हणायचे, आणि मी म्हणेन तिकडे बंदूक घेऊन यायचे.

आशयला मी माणिक चौकात भेटले. आईच्या मिक्सरचं भांडं दुरुस्तीला द्यायचं होतं, हे कारण अगदी खरं होतं. फक्त ते काम दहा मिनिटांचं होतं.

"कशी ओळखणार मला?" मी फोनवर विचारलं होतं.

"जिच्या हातात मिक्सरचं भांडं असेल आणि चेहऱ्यावर कुणाला तरी गोळी घालायची इच्छा असेल… ती."

तो उंच होता, पण जरा वाकून चालणारा, जणू आपल्या उंचीबद्दल माफी मागतोय. गल्लीत स्कूटर घुसली की त्याचा हात माझ्या कोपराजवळ यायचा. लागायचा नाही. नुसता तिथे असायचा. स्कूटर गेली की पुन्हा खिशात.

"मला भूक लागून राहिली आहे," मी म्हणाले.

तो थांबला. "काय लागून राहिली आहे?"

"भूक."

"भूक लागलीय म्हणतात मराठीत."

"आमच्या मराठीत लागून राहते. तुमची साताऱ्याची भूक लागते आणि निघून जाते का?"

"नाही," तो माझ्याकडे बघत म्हणाला, "हल्ली तीही राहतेय."

मी लगेच दुकानातल्या बांगड्यांकडे बघायला लागले. बांगड्या मी कधीच घालत नाही.

मार्चमध्ये एका दुपारी गारा पडल्या. आम्ही एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभे होतो. वर टणटण आवाज, समोर रस्ता पांढरा झालेला, आणि आमच्यात एका पिशवीएवढं अंतर. त्यानं हात पुढे करून एक गार झेलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. आम्ही दोघं ती वितळेपर्यंत बघत राहिलो. तो काहीतरी बोलणार होता… मी वाटही पाहिली. पण गारा थांबल्या आणि लोक रस्त्यावर आले.

त्याच आठवड्यात मी त्याला आमचा अड्डा दाखवला.

आमच्या टोळीत नियम असा एकच होता — अड्डा बाहेरच्याला दाखवायचा नाही. तो नियम मीच केला होता. पण तीन महिने खपून आम्ही तिथे जे उभं केलं होतं, ते त्यानं बघावं असं मला फार वाटत होतं. जुन्या पंपघराच्या मागे, नाल्याच्या जाळीआड दार. आत दामोदर भैयांनी रचलेली फळ्यांची मांडणी, चैतन्यनं एकेक करून जमवलेल्या बॅटऱ्या, औषधांचं कपाट.

"हे सगळं तू केलंस?" आशयनं हळूच विचारलं.

"आम्ही केलं."

"इथे किती शांत वाटतं…" तो पोत्यावर बसला. मी शेजारी बसले. म्हणजे आमच्या खेळातल्या बाहुल्या बसल्या. तरी मला त्याच्या खांद्याची ऊब जाणवत होती, शपथ.

हंगाम एप्रिलच्या शेवटच्या रविवारी संपणार होता. त्या दिवशी आमच्या भागातल्या ज्या टोळीच्या अड्ड्यात सगळ्यांत जास्त माल, तिला पुण्यात मंचावर अंतिम फेरी खेळायला बोलावणार होते. बेतवा पहिल्या नंबरवर होती. आशयची टोळी, गिधाडं, दुसऱ्या.

बाबांना सांगायला मी आठ दिवस घेतले. "म्हणजे दिवसभर भंगार गोळा करायचं?" त्यांनी विचारलं. "वर्कशॉपात मी तेच करतो. मला नाही कुणी पुण्याला बोलावत." पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. रेल्वेचा पास, झाशी ते पुणे, दोघांचा. रजेचा अर्ज दिला होता. "मी मागच्या रांगेत बसेन," ते म्हणाले. "मला त्यातलं काही कळणार नाही. पण टाळ्या वाजवीन."

त्या रविवारी दुपारी तीनला मी खेळ उघडला. पंपघराच्या मागची जाळी तोडलेली होती. दारात दामोदर भैयांची खेळातली बाहुली मरून पडली होती. ते एकटेच पहाऱ्यावर होते. आत फळ्या रिकाम्या. कपाट रिकामं. एक बॅटरीसुद्धा ठेवली नव्हती.

साडेतीनला यादी लागली. गिधाडं पहिली. आम्ही सातवे.

टोळीच्या गटात आरडाओरडा सुरू झाला. "दरवाज़ा किसी ने बताया है," ललितपूरचा थोरला म्हणाला. "चैतन्य हफ़्ते भर से ग़ायब है।" मंडीत गव्हाचा हंगाम होता म्हणून तो आठवडाभर आला नव्हता, हे मला माहीत होतं. त्यानं मला तसं सांगितलंच होतं. तो बिचारा "मैंने नहीं बताया, क़सम से" म्हणत राहिला. त्याला गद्दार म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. मग त्याला काढून टाकलं.

आणि मी गप्प बसले.

हे लिहिताना हात जड होतो, पण तसंच झालं. दार कुणी दाखवलं ते त्या पाचांत फक्त मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले. कारण मनात अजून म्हणत होते — आशय असं करणार नाही. काहीतरी वेगळं असेल.

पाचला त्याचा फोन आला. आवाज आनंदानं नुसता उतू जात होता. "मेघना, गिधाडांची पुण्याची यादी बघितलीस? पाचवं नाव बघ!"

पाचवं नाव माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉलनीच्या मैदानावर आला. ऊन डोक्यावर चढायचं होतं, पण कडुनिंबाखालचा बाकही तापलेला होता. मी बसले नाही.

"तू दार सांगितलंस," मी म्हणाले.

"तुझ्यासाठी सांगितलं. ऐक तरी… त्यांना एक माणूस कमी होता. मी म्हटलं, दार सांगतो, पण मेघनाला घ्यायचं. जूनमध्ये बाबांची पुण्याला बदली आहे, मी जातोय. तू एकदा पुण्याला आलीस, लोकांनी तुला खेळताना पाहिलं, की तुझं तिकडेच काहीतरी होईल. आपण दोघं एका गावात राहू."

"आम्ही जिंकलोच असतो."

"आणि मग? तू तुझ्या टोळीबरोबर जाणार, मी इथे बसून बघणार. तुझी ती माणसं… मेघना, तू त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाहीस!"

"तुलाही नव्हतं पाहिलं. आधी."

तो बुटानं माती उकरायला लागला.

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे तुला माहीत होतं."

त्यानं मान खाली घातली. त्या क्षणी तो मला इतका ओळखीचा वाटला — ते वाकलेले खांदे, तो खिशात जाणारा हात — की मला त्याला धरून रडावंसं वाटलं.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. त्या गारांच्या दिवशी सांगणार होतो…"

या वाक्याची मी चार महिने वाट पाहिली होती. आरशासमोर त्याची उत्तरं ठरवली होती.

"तुलाही मी आवडतो. हो ना?"

"हो."

"मग?"

"मग माझं नाव काढायला सांग त्या यादीतून."

"मेघना, हा नुसता खेळ आहे!"

"मग हरायचं होतंस."

तो मोटारसायकलपाशी गेला. किक मारली. ती दोनदा चालू झाली नाही, तिसऱ्यांदा झाली. त्यानं मागे वळून पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी कडुनिंबाच्या खोडाकडे तोंड करून उभी होते.

त्याच दुपारी मी बिजौलीला गेले. लोखंडी जाळ्या बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर दामोदर भैयांना बोलावलं. चाळिशीचा, केस विरळ झालेला माणूस हात पुसत बाहेर आला. "मुखिया? आप तो बहुत छोटी हैं," ते म्हणाले आणि हसले. मी सगळं सांगितलं. दार कुणी दाखवलं, कुणाला, आणि काल मी गप्प का बसले.

त्यांचं हसू हळूहळू गेलं. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चैतन्य को हमने कल बहुत बुरा बोला," ते एवढंच म्हणाले. "चलो, मोठ चलते हैं।"

"आत्ता?"

"और कब?"

बसनं मोठला पोचलो तेव्हा मंडीत गव्हाचे ढीग लागले होते. हवेत भुसा, घशात खवखव. चैतन्य तराजूपाशी होता. हडकुळा, माझ्याच वयाचा. मी नाव सांगितलं तेव्हा त्याचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. मी बोलत होते आणि तो पोती मोजत होता. दामोदर भैयांनी हात जोडले, तेव्हा त्यानं घाईनं ते धरून खाली केले.

"ठीक है भैया," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता — "दीदी, आप उस वक़्त बोल देतीं तो अच्छा रहता।"

"हो," मी मराठीतच म्हणून गेले. त्याला ते कळलं असावं.

तो टोळीत परत आला नाही. महिन्याभरात ललितपूरचे दोघेही दुसरीकडे गेले. दामोदर भैया कधीतरी फोन करतात, तब्येत विचारतात. बाबांना मी सांगितलं की आम्ही हरलो. ते "बरं" म्हणाले, रजा रद्द करून आले आणि मग त्यांनी तो विषय काढला नाही. आता वाटतं, त्यांना खरं सांगायला हवं होतं.

मे महिन्यात अंतिम फेरी झाली. गिधाडं तिसरी आली. संध्याकाळी आशयचा एक ओळीचा निरोप आला — "तू असायला हवी होतीस."

मी गच्चीत वाळलेले कपडे काढत होते. तो निरोप वाचला, बाबांच्या सदऱ्याची घडी घातली, पुन्हा वाचला. मलाही तेच वाटत होतं. त्याच्या शेजारी, त्या मंचावर, त्या दिव्यांत मी असायला हवी होते, असं मला अगदी आतून वाटत होतं.

लिहायला घेतलं असतं तर तेच लिहून गेले असते. म्हणूनच उत्तर दिलं नाही.