सळीभोवतीची काळी माती

२०२२ साल. मे संपत आला होता आणि माझी भाची तनया टेंपोतून लोखंडी सळ्यांचा भारा उतरवून भिवपुरीपलीकडच्या ठाकरवाडीच्या चढणीला एकटीच लागली होती.

तनया म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, गोपाळकृष्णाची मुलगी. ती मृदसंधारण शिकत होती. पावसात उतारावरची माती किती वाहून जाते हे तिला मोजायचं होतं, म्हणून तो पावसाळाभर ती ठाण्याहून माझ्याकडे कर्जतला येऊन राहिली. मोजायची रीत साधी होती. हातभर सळी जमिनीत ठोकायची आणि जमिनीलगत तिच्यावर लाल खूण करायची. पुढे खूण आणि जमीन यांत जेवढं अंतर पडेल, तेवढी माती गेली. शेताच्या पायथ्याशी एक पिंप पुरायचं, म्हणजे वाहून आलेला गाळ त्यात साठतो.

पहिली सळी ठोकून ती दुसरीकडे वळली आणि मागे बघते तर... पहिली गायब! एक तरुण ती हातात धरून उभा होता.

"ओ मॅडम, कुंपण कुणाचं घालताय?"

"कुंपण नाही हो. द्या ती इकडे."

"फार्महाऊसवाले असंच करतात. आधी सळी, मंग तार, मंग कुत्रा."

"मी कुत्रा आणलेला नाही."

"तुमी एकट्या पुऱ्या हाय..." तो बोलून गेला आणि जीभ चावली.

तनयाला हसू आवरेना. मोजणीची हकीकत ऐकल्यावर त्यानंच दगडानं ती सळी परत ठोकून दिली. तिरकीच. त्याचं नाव रूपेश. ज्या उतारावर ती उभी होती तो त्याचाच, नाचणीचा.

माझ्या लहानपणी त्या टेकड्यांवर इतकी झाडी होती की खालचा ओढा भर श्रावणातही नितळ वाहायचा. आता जुलैत तो दूध घातलेल्या चहासारखा दिसतो. म्हणूनच वाडीत सरकारी योजना आली होती. ज्यांची माती जास्त जाते, त्यांच्या उतारावर उन्हाळ्यात दगडी बांध घालून मिळणार होते, आणि कुणाची किती जाते ते तनयाच्या सळ्यांवरून ठरणार होतं.

पहिल्या मोजणीला सगळी वाडी जमली. सुरुवात मंगळ्याच्या शेतापासून झाली. मंगळ्या साठीचा, वाडीत मान असलेला माणूस. त्याच्या सळ्या चांगल्या दोन बोटं उघड्या पडलेल्या. तनया थट्टेत म्हणाली, "काय हो दादा, शेताला कुणी वाली नाही वाटतं?"

बायका फिदीफिदी हसल्या. मंगळ्याही हसला. पण मग पागोटं सारखं करत खाली बघत राहिला आणि थोड्या वेळानं कुणाला न सांगता घरी गेला. तनयाच्या हे लक्षातही आलं नाही. रूपेशच्या आलं.

रूपेशच्या शेताची पाळी पुढच्या मंगळवारी आली. तिथल्या सळ्या मात्र तेव्हापासून दर मंगळवारी जशाच्या तशा. खूण जमिनीला टेकलेली.

"बघा, माझी माती किती शहाणी. जागची हलत नाय."

"मालकावर गेलीय."

"मालक हलतो की. मंगळवार उजाडला की सकाळपासून हलत असतो..."

तनया पट्टीवरचा आकडा दोनदा वाचायची. पहिल्यांदा वाचलेला तिच्या डोक्यात शिरलेलाच नसायचा.

घरी आली की पिंपातला गाळ ती माझ्या ताटांत वाळत घालायची. मी ओरडायचे, "अगं, पोहे कशात देऊ?" पण तिचं लक्ष नसे. भुवया आखडून बसलेली असायची.

"आत्या, तुझा वजनकाटा बिघडलाय का गं? रूपेशच्या सळ्या म्हणतात माती गेलीच नाही. आणि पिंप तर काठोकाठ."

काटा ठीक होता. प्रत्येक वाक्यात रूपेश येत होता, त्यावरूनच मला कळायचं ते कळलं होतं.

सप्टेंबरात वाडीच्या समाजमंदिरात बैठक ठरली. नेमकी मंगळवारी. म्हणून तनया आदल्या दिवशी, सोमवारीच, मोजणीला गेली. रूपेशला याची कल्पना नव्हती.

तो सळीपाशी गुडघ्यांवर बसला होता. शेजारी घमेलं. त्यातली माती सळीभोवती घालून तळहातानं थापत होता. उतार सगळा तांबडा आणि त्याच्या हाताखाली काळी, चिकट, भाताच्या खाचरातली माती.

"रूपेश?"

तो उठला नाही. हात तसेच मातीवर.

"कधीपासून?"

"त्या पयल्या मोजणीपासून."

"पण का? बांध मिळाले असते तुला!"

"मंगळ्याकाका त्या दिवशी घरी गेला तो चार दिवस बाहेर आला नाय. शेताला वाली नाय म्हनलीस तू त्याला... सगळ्यांसमोर." त्यानं बोटांची माती घमेल्यात झटकली. "मला तुझ्या तोंडून तसं ऐकायचं नव्हतं. मंग शहाणी माती मालकावर गेलीय म्हनलीस, तर... तेच ऐकत राहावं वाटलं."

तनया मला नंतर सांगत होती, तिचे कान इतके तापले की पाऊस पडून थंड व्हावेत असं तिला वाटलं. खाचरातून घमेली वर वाहणारे हात त्याचे होते, पण त्याला तिथे बसवलं होतं तिच्याच एका वाक्यानं. आणि त्याच्या उताराखाली मंगळ्याचं खाचर. बांध झाला नाही तर सगळा गाळ त्या म्हाताऱ्याच्या भातावर जाणार.

"उद्या हे सांगावं लागेल," ती म्हणाली.

"सांग. मी येनार नाय."

पण तो आला. दाराशी, चपला काढतात तिथे बसला. मी तनयाबरोबर गेले होते. योजनेच्या साहेबांनी नावं वाचली. मंगळ्याला बांध मंजूर. रूपेशला गरज नाही. कुणाला काही विचारायचं आहे का? रूपेशनं मान गुडघ्यांत घातली. तनया उठली. हातातली ओढणी पिळत होती.

"मंगळ्यादादा, पहिल्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले. माती जाते ती उतारामुळे, पावसामुळे. तुमच्यामुळे नाही. हे मला शिकवलेलं होतं, तरी मी बोलले. मला लाज वाटते."

साहेबांना काहीच समजेना. तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. रूपेश उभा राहिला होता.

"माझी माती सगळ्यांत जास्त जाते. मी सळ्या बुजवत होतो. खाचरातली माती आणून."

कुणीतरी हसलं. त्याचे कान लालबुंद. मंगळ्या त्याच्याकडे वळला.

"आरं, तुझ्या उतारावरचा गाळ माझ्या खाचरात, आनि तुझ्या खाचरातली माती उतारावर? मला सांगायचं व्हतंस. मी पन लावली असती थोडी माझ्या सळ्यांना. माझी काय अब्रू नाय?"

मग सगळेच हसले. पण या वेळी मंगळ्या खाली बघत नव्हता. साहेबांनी पिंपातल्या गाळाची वजनं मागून घेतली आणि रूपेशचं नाव यादीत घातलं.

उतरताना मी मुद्दाम मागे राहिले. तरी ऐकू यायचं ते आलंच.

"माझं वर्ष गेलं," तनया म्हणत होती. "तुझ्या सळ्यांचे आकडे कुठे दाखवता येणार नाहीत. पुढच्या पावसाळ्यात सगळं परत मोजायला यावं लागेल."

"म्हंजी... पुना सगळा पावसाळा?"

"सगळा."

"मंग याची पन लाज वाटाय पायजे का मला?"

"वाटायलाच हवी!"

तो थोडं पुढे चालला. मग थांबला.

"नाय वाटत गं..."

निसरड्या वाटेवर तनयानं हात पुढे केला, आणि पायथा आला तरी तो मागे घेतला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही उतारांवर बांध झाले. तनयाला पदवी एक वर्ष उशिरा मिळाली. २०२४ मध्ये त्यांनी लग्न केलं. गोपाळकृष्ण मांडवात अर्धा तास पाहुण्यासारखा बसला आणि जेवायच्या आत निघून गेला. जावई ठाकरवाडीतला आहे हे नातेवाइकांना कसं सांगायचं, याची त्याला लाज वाटत होती. गेल्या दिवाळीत तो आपण होऊन वाडीत आला आणि जावयाच्या शेतातली नाचणी घेऊन गेला. लग्नाविषयी त्या दोघांत अजून एक शब्द झालेला नाही. मंगळ्या मागच्या हिवाळ्यात गेला. त्याचं खाचर आता त्याची सून कसते.

तनया खालापूरजवळच्या गावांत मोजणीचं काम करते. कुठल्याही शेतात पाऊल टाकण्याआधी ती मालकाला विचारून घेते, आणि आकडा आधी त्याच्या एकट्याच्या कानात सांगते.

आणि रूपेश? परवा साहेब पाहुणे घेऊन त्याचे बांध दाखवायला आले होते. "एक कणसुद्धा जात नसेल आता," एक पाहुणा म्हणाला. रूपेशच्या मानेवर लाली चढताना मला दिसली. त्यानं एकदा तनयाकडे बघितलं.

"जाते की," तो म्हणाला. "यंदा पन गेली. या, दाखवतो."