पान कुणी हलवलं?

"ताई, आमच्या घरात चोरी झालीय. आणि गेलं काहीच नाही."

दारातली बाई हे बोलली आणि ढब्बूचा चहा बशीतच राहिला. काहीच न गेलेली चोरी! धाकट्या बहिणीकडे, म्हणजे घारीकडे, असली कोडी सोडवून घ्यायला गिऱ्हाइकं आली की ढब्बू आधी स्कूटरची किल्ली शोधायचा. डोकं घारीचं चालायचं, पण स्कूटर त्याची पळायची.

"बस," घारी म्हणाली. "आणि शेपटाकडून नको, तोंडाकडून सांग."

बाई फ्रेमच्या दुकानात डिझायनर होती. फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठा असतो ना, माउंट, त्यात फोटोपुरती खिडकी कापतात. ही त्या खिडकीच्या कडेला वेली, पानं, पक्षी कॉम्प्युटरवर काढायची आणि मशीन ते पात्यानं कापायचं.

"आमच्या हॉलमध्ये घरातल्या सगळ्यांचा एक फोटो आहे. तीन वर्षांपूर्वी माझे सासरे, अण्णा, आणि त्यांचे धाकटे भाऊ, काका, यांचं वाजलं. काकांनी भर लग्नात सगळ्यांना सांगितलं, की अण्णा केस काळे करतात."

ढब्बू फिस्सकन हसला. घारीनं डोळे वटारले.

"अण्णा म्हणाले, याचं तोंड बघायचं नाही मला. फोटो फाडावा तर त्यात सगळेच. मग मला माउंट करायला लावलं. वरून उतरलेली वेल आणि तिचं एक मोठं पान बरोब्बर काकांच्या तोंडावर! परवा आम्ही सगळे बाहेरगावी गेलो होतो. अण्णांची पाठ धरली होती, ते एकटेच घरी. परत येऊन बघतो तर फ्रेममध्ये दुसरंच माउंट, वेल तीच पण पान सरकलेलं. काका दात काढून हसतायत."

"बरं झालं की. हसू दे त्यांना," ढब्बू म्हणाला.

"दादा, गप." घारी बाईकडे वळली. "तुझं यात काय अडकलंय?"

बाई म्हणाली, "दुकानात या माउंटची माझीच फाइल उघडून बदललेली सापडली. मालकांना वाटतं, मी न विचारता घरचं काम उरकलं. काल मला कॉम्प्युटरवरून उठवलं. खरं सांगेपर्यंत काचा पूस म्हणाले. ताई, मला दुसरं काही येत नाही. आणि दुसरं काही करायचंही नाही."

घारी उठली. ढब्बूनं चहा एका घोटात संपवला.

दुकानात मशीन चालवणारा माणूस होता. खिशातून कायम स्टीलची पट्टी डोकावायची, म्हणून सगळे त्याला पट्टीच म्हणायचे. त्यानं माउंटचा रंगीत पुठ्ठा टेबलावर पालथा घातला.

"अहो, रंग खाली गेला!" ढब्बू ओरडला.

"तसंच असतं," बाई हसली. "पातं मागून कापतं, म्हणजे पुढून कड स्वच्छ दिसते. फक्त पातं पुठ्ठ्यात जिथे शिरतं तिथे बारीकशी खूण राहते. ती कुठे पडेल ते चित्र काढणाऱ्यानं ठरवायचं. मी ती नेहमी पानाच्या टोकात लपवते. नाही ठरवलं तर मशीन कुठूनही सुरू करतं."

"हे सगळं घरी सांगतेस?" घारीनं विचारलं.

"कुणाला? अण्णांना अजून वाटतं, मी पुठ्ठा कात्रीनं कापते."

घारी पट्टीकडे वळली. "फाइल कुणी बदलली?"

"मला काय विचारता?" पट्टी पुठ्ठ्याचा चुरा झाडायला लागला. चुरा नव्हताच. "मी कापणारा माणूस. चित्र काढणं माझ्या बापाला जमलं नाही. पण ताई, हिला काचा पुसायला लावतील असं वाटलं नव्हतं हो."

"वाटलं नव्हतं? कुणाला?"

"कुणालाच," म्हणून त्यानं मशीन सुरू केलं. आवाजात पुढचं बोलणं बुडालं.

अण्णा हॉलमध्ये बसले होते. पंखा फुल्ल, अंगात बनियन आणि डोक्यावर लोकरीची टोपी. ढब्बूला बघूनच घाम फुटला.

"थंडी वाजतेय, अण्णा?" घारीनं विचारलं.

"डोक्याला वारा बाधतो. महिना झाला. चोर सापडला का?"

घारी खुर्चीवर चढली, खुर्ची ढब्बूनं धरली. तिनं भिंग लावून फोटो पाहिला. कडेला काका मजेत हसत होते. पान आता मधे उभ्या अण्णांच्या डोक्यावर आलं होतं. कपाळ मोकळं, भुवया मोकळ्या, फक्त केस गडप.

"दादा, त्या पानाचं टोक बघ."

"साफ आहे."

"आणि पानाचं पोट?"

गोल वळणाच्या मधोमध एक बारीक ओरखडा होता. ढब्बूला वाटलं, काच खराब असेल. त्यानं रुमालानं पुसली. गेला नाही.

"या घरात मला विचारल्याशिवाय पान हलत नाही!" अण्णा गरजले. "आणि इथे हललं! त्या दिवशी मी पाठ धरून झोपलेलो, तेवढ्यात कुणी काम साधलं. मी त्या दुकानाची पायरी जन्मात चढलो नाही, पण सांगतो, तिथेच पाणी मुरतंय. पुठ्ठा पालथा घालतात, वरून कुणाला काय दिसतंय! कुणीही काहीही कापून न्यावं."

"बरोबर आहे तुमचं," घारी गोड आवाजात म्हणाली. ती अशी गोड बोलली की समोरच्याचं काही खरं नसतं, एवढं ढब्बूलाही माहीत होतं.

काका गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. अंगणात सायकल उलटी करून चेन बसवत होते.

"मी पान हलवलं? मला तिकडे उंबऱ्याला तरी उभं करतात का?" मग त्यांचे हात थांबले. "म्हणजे मी दिसतोय त्यात? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"पान आता अण्णांच्या केसांवर आहे. तुम्हाला ते केस दिसायला हवेत ना?" घारीनं विचारलं.

"मग! त्या फोटोत डांबरासारखे काळे आहेत. तोच माझा पुरावा. तो झाकून मी कशाला माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?"

परतताना ढब्बू म्हणाला, "घारे, मला कळलं. पट्टीच चोर."

"अर्धं कळलं. स्कूटर नीट चालव."

दुसऱ्या दिवशी सकाळी घारीनं सगळ्यांना अण्णांच्या हॉलमध्ये जमवलं. काका दारातच उभे राहिले. अण्णांनी तोंड फिरवलं, पण "हाकलून द्या" म्हणाले नाहीत.

"पान हलवणाऱ्याला मशीन येतं, चित्र येत नाही," घारी म्हणाली. "सुनेनं हलवलं असतं तर पात्याची खूण टोकात लपली असती. इथे ती पानाच्या पोटात आहे. चित्र सरकवताना सुरुवात कुठून ते ठरवलंच नाही. म्हणजे हात पट्टीभाऊंचा."

पट्टीनं मान खाली घातली. "मी शब्द दिला होता, ताई."

"कुणाला, ते पान सांगतं. काकांचं तोंड उघडं पडलं, त्यावर सगळ्यांची नजर. पण पान ठेवलं कुठे? अण्णांच्या केसांवर. अण्णांची टिंगल करायची असती तर पान त्यांच्या तोंडावर असतं. काकांना तर केस दिसायला हवेत. मग अण्णांचं तोंड दिसावं, पण केस दिसू नयेत, असं कुणाला वाटेल? ज्याचे केस आहेत त्यालाच!"

ढब्बूचा जबडा खाली आला.

"अण्णा, दुकानाची पायरी न चढता पुठ्ठा पालथा घालतात हे कसं कळलं? सून घरी बोलत नाही. तुम्ही मशीनशेजारी उभे होतात. त्या दिवशी पाठ धरलीच नव्हती. आणि या घरात तुम्हाला विचारल्याशिवाय पान हलत नाही, हे तुम्हीच सांगितलंत."

अण्णांनी टोपी काढली. केसांचे शेंडे काळे, मुळं पांढरीशुभ्र.

"सोडलं मी रंगवणं. फोटोतले काळे केसही नको झाले," ते पुटपुटले. "म्हटलं, याचं तोंड उघडं केलंय हे याच्या कानावर गेलं की येईल. म्हणून एवढा आरडाओरडा केला. एरवी या घरातली शिंक गावभर होते, आणि नेमकी या वेळी सगळ्यांनी तोंडं शिवली!"

"तुम्हाला घाबरून, अण्णा," सून म्हणाली. "आणि मी तिकडे काचा पुसतेय."

"काचा?" अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे. "हे मला कुणी सांगितलं नाही." त्यांचा चेहरा पडला. "मालकांना फोन लाव. आत्ताच्या आत्ता."

सुनेनं फोन लावून हातात दिला. अण्णांनी दोनदा घसा खाकरला.

"मी हिचा सासरा बोलतोय. हिनं काही केलं नाही. चूक माझी आहे."

दारातून काकांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालास? नीट ऐकू नाही आलं."

"चूक माझी आहे!" अण्णा ओरडले. शेजारच्या खिडकीत दोन डोकी उगवली.

"ऐकू पहिल्यांदाच आलं होतं," काका चपला काढत आत आले. "पण असलं काही तू जन्मात पहिल्यांदा बोललास. एकदाच ऐकून कसं भागेल?"

फोनमधून मालकांचा आवाज आला, "मलाही ऐकू आलं हो! तिला म्हणावं, लवकर ये. दोन पक्ष्यांची ऑर्डर अडलीय."

सून पर्स उचलून केव्हाच दारात पोचली होती. "पट्टीदादा, चला," ती म्हणाली. "आपला कॉम्प्युटर सुरू व्हायलाच अर्धा तास घेतो."