पट्टा डावीकडे सरकतो

दिवा राहू द्या लावलेला. गोष्ट भर दुपारची आहे, तरी राहू द्या.

मिस्त्रींना सगळे करवादे मिस्त्री म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. घरोघरी जाऊन ट्रेडमिल दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा, आणि त्या धंद्यावरच त्यांचा राग. बाहेर एवढा रस्ता फुकट पडलाय, आणि ही माणसं घरात पंखा लावून एका जागी चालतात, पोचत कुठेच नाहीत, वर पट्टा सरकला की मलाच बोलावतात, असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. तरी बोलावणी यायची, कारण हात चांगला होता.

त्या दिवशीची तक्रार साधीच होती. पट्टा डावीकडे सरकतो. घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मिस्त्री अवजारांची पिशवी खांद्याला लावून प्रत्येक पायरीला एकेक शिवी वाहत वर चढले. दार घरच्या मुलाने उघडलं. मुलगा म्हणजे चांगला चाळिशीचा घोडा, कानात फोनचं बोंडूक, बोलणं अर्धं मिस्त्रींशी, अर्धं भलत्याशीच.

“काका, बूट बाहेर काढा.”

“आणि पाय? तेही बाहेरच ठेवू?”

मुलगा हसला नाही. त्याने ऐकलंच नव्हतं.

यंत्र आतल्या खोलीत होतं, भिंतीकडे तोंड करून. जाड पडद्यांमुळे दुपार असून खोलीत संध्याकाळ झालेली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मुलाची आई बसली होती, हात मांडीवर, नजर यंत्रावर. रबराचा वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक, दुखऱ्या पायाला चोळायच्या मलमाचा, डोळ्यांत झोंबणारा. म्हातारीचाच असेल, मिस्त्रींना वाटलं.

आता पट्टा सरळ करणं ही काही मोठी विद्या नव्हे. मागच्या रोलरला दोन टोकांना दोन बोल्ट असतात. पट्टा डावीकडे पळत असेल तर डावा बोल्ट ॲलन कीने किंचित आवळायचा, यंत्र रिकामं चालू करायचं, बघत बसायचं. घाई केली की पट्टा खराब. धीर लागतो. मिस्त्रींना जो काही धीर होता तो फक्त यंत्रांपुरता.

पट्टा मधोमध आला. मिस्त्री गुडघे धरून उठतात न उठतात तोवर पुन्हा डावीकडे निघाला. पुन्हा बसले, पुन्हा आवळला. आला मधोमध. जरा थांबला, आणि परत सरकला, कोणी हाताने लोटल्यासारखा.

मिस्त्रींनी यंत्र थांबवून टॉर्च मारला. पट्ट्याच्या डाव्या अंगाला एक गुळगुळीत, चकाकती रेघ होती. पाय ओढत चालणाऱ्याची अशी उमटते.

“घरात लंगडतं कोण?”

“कोणी नाही. बाबा चालायचे यावर. बाबा गेले गेल्या थंडीत. तेव्हापासून बंदच होतं, काल चालू करून बघितलं तेवढंच.”

“बंद असतं तर धूळ असती. ही रेघ ताजी आहे.”

“तुम्ही पट्टा बघा ना, काका. रेघ कशाला बघताय?”

“रेघ पट्ट्यावरच आहे, बाबा. भिंतीवर नाही.”

मिस्त्रींनी यंत्र पुन्हा चालू केलं आणि या वेळी नुसता कान लावला. पट्टा रिकामा असला की मोटर एका सुरात गुणगुणते. ही दबत होती. दबायची, सुटायची, मग लांबवर कण्हायची. अंगावर वजन आल्यासारखी.

धप्प... खर्रर्र. धप्प... खर्रर्र.

मिस्त्रींनी आधाराला दांडी धरली आणि चटकन सोडली. दांडी ओली होती. घट्ट धरून ठेवलेल्या हाताच्या घामाने होते तशी, आणि कोमट.

तेव्हा त्यांना ती चावी दिसली. या यंत्रांना लाल दोरीची एक चपटी चावी असते. दोरीच्या टोकाला चिमटा. तो चालणाऱ्याने शर्टाला लावायचा. माणूस पडला की दोरी ओढली जाते, चावी निघते, यंत्र जागच्या जागी थांबतं. इथे ती दोरी दांडीभोवती गुंडाळून वरून वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून आवळली होती. चिमटा रिकामाच लोंबत होता.

“हे कोणी केलं?”

“मीच. बाबा सारखे दोरी ओढायचे. चार पावलं टाकली की ओढ, थांबव. नुसता आळस. डॉक्टरांनी चालायलाच सांगितलं होतं ना.”

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अरे, गाडीचा ब्रेक काढून ठेवतोस का, बाप सारखा दाबतो म्हणून?”

मुलाचा फोन वाजला. ‘थांबा’ असं बोटाने सांगून तो बाहेर गेला.

“भाऊ...” म्हातारी पहिल्यांदाच बोलली, अगदी हळू. “ओरडू नका. मी ओरडून बघितलंय.”

मिस्त्रींनी यंत्र बंद केलं. मोटर निवली. तरी एक खर्रर्र उशिराने आला.

“ह्यांना झटका येऊन गेला होता. डावा पाय ओढायचा. वेळ हा पोरगा लावून द्यायचा, आणि म्हणायचा, वेळ पूर्ण झाल्याशिवाय उतरायचं नाही...” तिने दाराकडे पाहिलं. “त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. धप्प, खर्रर्र... ऐकू येत होतं. मग धप्प थांबलं. नुसतं खर्रर्र... मला वाटलं, आज पाय जास्तच ओढताहेत.”

मिस्त्रींनी लोंबणाऱ्या रिकाम्या चिमट्याकडे पाहिलं.

“हात शर्टाच्या काठाशी होता हो. चिमटा शोधत होते. चिमटा तिकडे, वर.”

“मग ही ब्याद घरात ठेवलीय कशाला?”

“माझ्यासाठी. माझे गुडघे धरलेत ना. उद्यापासून मी.”

मुलगा आत आला. “झालं का, काका? आई, सकाळी लवकर उठायचं हं. नाटकं नकोत.”

मिस्त्रींनी पिशवीतून कटर काढला. प्लॅस्टिकची पट्टी कचकन तोडली, दोरी सोडवली, चावी उपसली आणि चिमट्यासकट खिशात टाकली.

“हे मशीन मी दुरुस्त करणार नाही. तुलाच काय, दुसऱ्या कोणालाही करू देणार नाही. चावीशिवाय हे हलत नाही.”

“चावी द्या, काका. माझं मशीन आहे.”

“आणि बाप? तोही तुझाच होता ना?”

“तुम्हाला काय कळतं? मी त्यांच्या भल्यासाठीच...” मुलाचा आवाज चिरकला. “तुम्ही दोघं मिळून भुताटकी करताय काय इथे? काय आहे यात घाबरण्यासारखं? हे बघा!” आणि तो तरातरा जाऊन पट्ट्यावर उभा राहिला. “हे बघ, आई. उभा आहे. काय झालं?”

मोटर गुणगुणली.

मिस्त्रींचा हात आपोआप खिशावर गेला. चावी खिशातच होती. पट्टा निघाला, आधी सावकाश, मग भराभर. मुलगा दांडी धरून पळू लागला. “बंद करा... काका, बंद करा!” मिस्त्रींचा राग अजून उतरला नव्हता, पण जीव तो जीव. ते भिंतीकडे धावले, बटण पाडलं, प्लग उपटला. प्लग हातात, वायर जमिनीवर, आणि यंत्र चालूच. यंत्राच्या छोट्या पडद्यावर वेळ उलटी मोजली जात होती. ती कोणी लावली, कोणाला ठाऊक. मलमाचा वास एवढा दाटला की डोळ्यांतून पाणी आलं.

“उतर! बाजूला उडी मार!” मिस्त्री ओरडले.

“हात... हात सुटत नाहीत, काका... हातांवर कोणीतरी...”

मिस्त्री त्याला ओढायला पुढे झाले. पण म्हातारी आडवी आली. गुडघे धरलेली बाई, कधी उठली ते कळलंच नाही.

“आई...” मुलगा रडत होता. “आई, थांबव ना गं...”

“उतरायचं नाही,” म्हातारी म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. “वेळ पूर्ण होऊ दे.”

यंत्र थांबलं ते पडद्यावरची वेळ संपल्यावरच. मुलगा गुडघ्यांवर कोसळला. हाडबीड मोडलं नव्हतं, खरचटलंसुद्धा नव्हतं. मिस्त्री वाकून बघायला गेले ते पट्ट्याकडे. इतक्या वेळात पहिल्यांदाच तो मधोमध टिकून होता.

“घेऊन जा हे,” म्हातारी म्हणाली.

मिस्त्रींनी ते नेलं. खिळाखिळा सुटा करून भंगारात घातलं. मोटरसुद्धा ठेवली नाही, आणि चांगली मोटर टाकणारा तो माणूस नव्हे. चावी तेवढी कामाच्या पँटच्या खिशात राहून गेली.

पुढे बऱ्याच दिवसांनी त्याच गल्लीत काम निघालं. ऊन डोक्यावर. समोरून एक माणूस येत होता. उजवा पाय टाकायचा, डावा ओढायचा. धप्प... खर्रर्र. एक हात शर्टाच्या काठावर काहीतरी चाचपत होता. जवळ आल्यावर मिस्त्रींनी ओळखलं. तोच मुलगा. कानात बोंडूक नव्हतं.

“अरे... पायाला काय झालं?”

“डॉक्टर म्हणतात, काही नाही.” तो थांबला नाही. थांबता येत नसल्यासारखा पुढे जात राहिला. “काका, चिमटा बघितलात का? इथेच असतो...”

मिस्त्रींनी वर पाहिलं. खिडकीत म्हातारी उभी होती. ताठ. ती खाली बघत होती, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. काहीच नव्हतं.

आता मिस्त्री काही मऊ काळजाचा माणूस नव्हे. पण त्यांना ते बघवेना. खिशातून ती लाल दोरीची चावी काढली, चार पावलं त्याच्याबरोबर चालत त्याच्या हातात कोंबली. “घे. लाव, आणि थांब एकदाचा.”

मुलाने घाईघाईने चिमटा शर्टाच्या काठाला लावला. चावी हातातून सोडून दिली.

ती खाली पडली नाही.

लाल दोरी त्याच्या पुढ्यात हवेत सरळ ताणली गेली, पलीकडून कोणीतरी धरल्यासारखी. शर्टाचा काठ पुढे ओढला गेला. आणि तो त्या ओढीमागे चालत गेला, भर उन्हात, रस्त्याच्या डाव्या कडेकडे सरकत... सरकत...